बाळंतिणीचा डोह

ता. १४ जून १९३४

सकाळपासून डोहाच्या तोंडाशी दगड उचलत होतो. कंबर धरली. शाळा सोमवारी उघडायची, तोवर मास्तरकी नाही, म्हणून भोईवाड्यातल्या लोकांबरोबर गेलो. तापीचा पूर ओसरताना दरसाल डोहाच्या तोंडात गोटे आणि बाभळीच्या फांद्या टाकून जातो. ते ज्येष्ठात उपसलं नाही तर वर चढून आलेला मासा आत शिरत नाही, बाहेर उथळात तडफडून मरतो. तीस-पस्तीस माणसं होतो, बाया धरून. अर्धं तोंड मोकळं झालं.

उखा भोई, म्हणजे भोईवाड्याचा पुढारी, बोलायला तिखट. सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर खातस नही, चाखस नही, तरी मासास्ना मामा बनी ग्या." बाया हसल्या. माझ्या गळ्यात माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही, हे गावाला ठाऊक आहे. हसोत. मामा तर मामा.

ता. १६ जून

तोंड पुरं मोकळं झालं. कमरेइतकी वाट. उखाची थोरली बहीण ठगूबाई पाण्यात उभी राहून काठीनं तळ चाचपत होती. एक दगड राहिला होता तो मलाच काढायला लावला. सत्तरीची असेल. नवरा पुरात गेला, मूलबाळ नाही, आणि सगळा भोईवाडा तिला भिऊन असतो. मीही.

हातांना फोड. सोमवारी खडू धरवेल की नाही शंका.

ता. १९ जून

आज जे कळलं ते लिहायचीसुद्धा लाज वाटते.

संध्याकाळी हिनं विचारलं, यंदा सप्तमी कधी? डोहातल्या माशाची ओटी भरायला ठगूबाईकडे खण द्यायचाय, नंदुरबारहून आणवावा लागेल. मी पंचांग काढलं. आषाढ शुद्ध सप्तमी, १८ जुलै. नारळी पौर्णिमा, २४ ऑगस्ट.

म्हटलं चुकलं. पुन्हा पाहिलं. मग डोक्यात प्रकाश पडला. यंदा वैशाख दोन. अधिक मास. हिनं महिनाभर उपास केले. सासऱ्यांनी जावयाला अधिकाचे अनारसे धाडले, ते मी बसून खाल्ले, तेहतीसच्या तेहतीस. आणि चावडीवर माझ्याच अक्षरात लटकतोय सरकारी हुकूम: डोहात मासेमारी बंद, दरसाल ३० जून ते ५ ऑगस्ट.

त्या गेल्या सालच्या तारखा आहेत.

ता. २० जून

झोप नाही. डोकं ठिकाणावर यावं म्हणून क्रमानं लिहितो.

पाला मासा समुद्रात राहतो. पहिल्या लाल पाण्याबरोबर खंबायतच्या खाडीतून तापीत चढतो आणि अंडी घालायला आमच्या डोहापर्यंत येतो. भोई लोक म्हणतात ती माहेरवाशीण. ठगूबाईच्या शब्दांत: "समुद्रमा तिन्हं सासर. तापीमाय तिन्ही माय. बायतपनले माहेरले येस. घर उनेली आंडेरले कोणी कापस का?" आंडेर म्हणजे लेक. म्हणून याला बाळंतिणीचा डोह म्हणतात. तापीचा जन्मदिवस आषाढ शुद्ध सप्तमी. त्या दिवसापासून जाळी खुंटीवर. पहिल्या पाल्याला हळदकुंकू लावून, ओटी भरून पाण्यात सोडायचं. मग नारळी पौर्णिमेपर्यंत डोहाला कुणी हात लावत नाही. किती पिढ्या हे चाललंय कुणालाच माहीत नाही. कुठे लिहिलेलं नव्हतं.

गेल्या साली मगनशेठनं नदीचा मच्छीचा ठेका घेतला. नंदुरबारचा माणूस, बर्फाच्या पेट्यांत मासा भरून रेल्वेनं सुरतेला धाडतो. त्यानं श्रावणात डोहाच्या तोंडावर आडवं जाळं बांधलं. भोई धावले, गाव धावलं, बायांनी शिव्या घातल्या, शेठची माणसं जाळं गुंडाळून गेली. तेवढ्यावर भागलं होतं. पण मला राहवलं नाही. मी शिकलेला. म्हटलं, नुसत्या शिव्यांनी किती वर्षं निभणार, कायद्याचा आधार पाहिजे. प्रांतसाहेबांना अर्ज लिहिला. तिथी लिहिली तर साहेबाला कळणार नाही म्हणून पंचांगातून इंग्रजी तारखा काढून घातल्या. केवढा अभिमान होता मला त्या अर्जाचा. हुकूम इंग्रजीत आला, तलाठ्यानं मलाच मराठी करायला दिला, अस्सल कागद कचेरीत परत गेला. मी बोरूनं झोकदार लिहून चावडीवर लावला. लोकांनी मला नारळ दिला.

आता ६ ऑगस्टपासून पौर्णिमेपर्यंत मधले अठरा दिवस शेठला मोकळं रान, आणि तेही माझ्या हातानं लिहून दिलेलं.

ता. २३ जून

वर्गात लक्ष नाही. चौथीच्या पोरांना त्रैराशिक चुकीचं सोडवून दाखवलं, त्यांनी तसंच उतरवून घेतलं.

दुपारी चावडीवर जाऊन कागद पाहिला, न जाणो मलाच भलतं आठवत असेल. नाही. "३० जून" वर, "५ ऑगस्ट" खाली, आकडे एकाखाली एक नीट. अक्षर फार सुंदर आहे.

कुणाला सांगितलेलं नाही. हिलाही नाही.

ता. २९ जून

रजा टाकून नंदुरबारला गेलो. मिरचीच्या बाजारातून कचेरीपर्यंत शिंकत. साहेब धुळ्याला. कारकून भला माणूस, चहासुद्धा मागवला. म्हणाला, हुकूम दुरुस्त होतो, का नाही होणार. नवा अर्ज करा, मग तो अभिप्रायाला तलाठ्याकडे, तिथून मामलेदार, मग ठेकेदाराचं म्हणणं, मग साहेब. दिवाळीच्या पुढेमागे होईल. मी म्हटलं, अहो मासा श्रावणात असतो. तो म्हणाला, मग पुढच्या श्रावणाला उपयोगी पडेल. चेष्टा करत नव्हता.

अर्ज दिला. पोच घेतली. परत येताना रनाळ्याला थोरल्या भावाकडे मुक्काम. त्याचं नेहमीचं सुरू झालं: मास्तरकी सोड, शेतात ये, दोन माणसांचं काम मी एकटा ओढतोय. मी कशासाठी आलो होतो ते सांगितलं असतं तर जन्मभर हसला असता. नाही सांगितलं.

ता. ४ जुलै

ज्याचा विचारच केला नव्हता ते आधी झालं.

भोई लोक सप्तमीपर्यंत धरतात. हे दिवस त्यांचे पोटाचे, डोहातली झिंगं, मरळ. काल उखानं जाळं टाकलं. शेठच्या माणसानं पाहिलं आणि चावडीत वर्दी दिली. ३० जूनपासून बंदी आहे ना? तलाठ्यानं उखाचं जाळं जप्त केलं. तलाठी वाईट नाही, तो कागद वाचतो आणि करतो.

उखा शाळेच्या दाराशी आला. आत आला नाही. एवढंच म्हणाला, "तुमना कागद मन्हं जाळं ली ग्या." मी म्हटलं, उखा, जरा थांब, मी बघतो. तो थांबला नाही.

खरं तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं, पण

ता. ८ जुलै

पाऊस नाही. तापी स्वच्छ, हिरवट, बुडाचे गोटे दिसतात. ठगूबाई रोज तोंडाशी जाऊन पाणी चाखते. गोड आहे म्हणते, मातीचं पाहिजे.

भोईवाड्यात चुली कमी पेटतात. हिनं ठगूबाईकडे दादर ज्वारी पाठवली, मला न विचारता. बरं केलं.

ता. ११ जुलै

आज सांगितलं.

ठगूबाई एकटीच डोहावर होती, तेवढ्यात गाठली. अधिक मास, तारखा, पाच ऑगस्ट, सगळं. ती काठी वाळूत रोवून ऐकत राहिली. मला वाटलं शिव्या देईल. तिच्या शिव्या गावात प्रसिद्ध आहेत, मी त्यांची तयारी करून गेलो होतो.

ती म्हणाली, "कागद नव्हता तव्हय लोके लाजेत. आते कागद शे, लाज कोणले?"

मी म्हटलं, चूक झाली. दुरुस्तीचा अर्ज केलाय.

"तुम्ही लिखं ना? मंग तुम्हीच पुसा."

म्हटलं, ठगूबाई, सरकारी कागद असा पुसता येत नाही. ती उठली. आपल्या भावाला काही सांगणार नाही, तो डोकं फोडेल, असं म्हणाली. कुणाचं ते सांगितलं नाही.

घरी येऊन हिलाही सांगितलं. हिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, अनारसे तेवढे बरोबर मोजून खाल्लेत.

ता. १८ जुलै. आषाढ शु. ७

तापीचा जन्मदिवस. पाणी नाही, मासा नाही. भोयांनी रीतीप्रमाणे जाळी खुंटीवर टांगली. उखाची खुंटी रिकामी, त्याचं जाळं चावडीत आहे. हिनं आणलेला हिरवा खण ठगूबाईनं उशाखाली ठेवून दिला, म्हणाली पोरगी उनी म्हणजे नेसाडसू.

सगळे आकाशाकडे बघतात, मी भिंतीवरच्या तारखेकडे. पाणी जितकं लांबेल तितका मासा उशिरा चढेल आणि तितका पाच तारखेच्या पलीकडे सापडेल. उखा म्हणाला, अधिकाच्या सालात पाणीसुद्धा मागेच राहतं, म्हाताऱ्यांना हे ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. मला फक्त कोष्टक येतं.

ता. २६ जुलै

लाल पाणी आलं. सकाळी दहाच्या सुमारास आवाज आला आणि शाळा आपोआप सुटली. वर सातपुड्यात झोडपून पडला असणार. दोन तासांत गोटे बुडाले, डोहाचं तोंड भरून वाहायला लागलं. आम्ही काढलेल्या वाटेतूनच पाणी आत शिरतंय. उखानं माझ्याकडे वळून पाहिलं.

ता. २९ जुलै

आली.

भोयांना जाळं लावायची बंदी, म्हणून ठगूबाईनं उथळात पदर पसरला. आम्ही सगळे काठावर. तासभर गेला. मग तिनं पदर आवळला आणि वर उचलला. हातभर लांब, पांढरीशुभ्र, पोट तटतटलेलं. मी आठ वर्षं इथे आहे पण इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिली. श्वास घेत होती ते पदरातून दिसत होतं. कपाळाला हळदकुंकू, पाच तांदूळ, खणाची चिंधी शेपटीला अलगद बांधली आणि लगेच पाण्यात. सगळं मिळून चार श्वासांचं काम. ठगूबाई म्हणाली, "जाय माय, सुखरूप सुट."

ही शेजारी रडत होती. मी खोकलो.

त्यानंतर दिवसभर डोहात पाठी चमकत होत्या. उखा म्हणतो गेल्या सालापेक्षा जास्त आहेत. पाच तारखेला सात दिवस उरले.

ता. ३१ जुलै

मगनशेठ आला. छत्री, पायात बूट, शाळेसमोर बसला, पोरांना गोळ्या वाटल्या. सभ्य माणूस आहे, हीच पंचाईत. उद्धट असता तर भांडता आलं असतं. मी त्याला सगळं समजावलं. अंडी पडायची आहेत, पिलं उतरायची आहेत, आत्ता तोंड बांधलंत तर दोन-चार सालांत डोह रिकामा होईल, मग तुमचा ठेका काय कामाचा. त्यानं नीट ऐकलं. मान हलवली.

"मी कागदना माणूस शे, मास्तर. पाच तारीख लगून डोहले हात लावाव नही. सहा तारीखले मन्हं जाळं."

वर म्हणाला, हा कागद होता म्हणून बरं झालं, गेल्या साली नुसता आरडाओरडा होता, कुणाचं ऐकायचं तेच कळत नव्हतं. माझे आभार मानून गेला.

ता. २ ऑगस्ट

एक विचार परवापासून डोक्यात आहे, तो इथे लिहावा की नाही.

आकडे एकाखाली एक आहेत. "३०" च्या खाली "५". पाचाच्या डावीकडे तिनाखालची जागा मोकळी. एक अंक मावेल.

पौर्णिमा चोवीसला. पंचवीस ऑगस्ट म्हणजे अगदी

नाही. वर्गात पोरानं दुसऱ्याच्या पाटीवरचा आकडा बदलला तर मी त्याला छडी मारतो.

ता. ३ ऑगस्ट

सरकारी कागदात खाडाखोड. नोकरी गेली समजा, वर खटला. मग रनाळे, थोरल्या भावाच्या हाताखाली, जन्मभर. आणि ही.

पण डोहात आज जाऊन आलो. काठाशी पाणी गढूळ असूनही कळतं, त्या जोडीनं फिरतात. उखाचं कुटुंब काठावर बसून नुसतं बघतं. पोटात अन्न नाही आणि समोर मासा, तरी हात लावत नाहीत. आणि मी नोकरीचा विचार करतोय.

ता. ४ ऑगस्ट

दुपारी जेवून हिला म्हटलं, थोडा कात दे. ही म्हणाली, तुम्ही पान कधीपासून खायला लागलात? मी हात पुढेच ठेवला. तिनं डबा पुढे केला आणि पुन्हा विचारलं नाही.

जुनी शाई उन्हानं तपकिरी पडली आहे. नवी काळी दिसली असती. शाईत कात कालवला, पाण्यानं पातळ केली, जुन्या वहीवर तीनदा करून पाहिलं. चावडीत सगळे पेंगत होते, तलाठी शेजारच्या गावी मोजणीला. कागद उतरवला नाही, उभ्यानंच पाचाच्या डावीकडे दोन काढला.

माझा दोन ओळखीचा आहे. शेपटाला मी वळसा देतो. आजही दिला, सवयीनं. बाहेर आल्यावर लक्षात आलं.

ता. ६ ऑगस्ट

शेठ आठ माणसं, गाडीभर जाळं आणि पेट्या घेऊन आला. चावडीत कागद वाचला. पुन्हा वाचला. बोटानं वाचला. म्हणाला, पाच होती. तलाठ्यानं वाचलं, म्हणाला, पंचवीस लिहिलंय. शेठ म्हणाला, पाच होती, तुम्हीही पाचच म्हणाला होतात. तलाठी माझ्याकडे पाहत म्हणाला, मास्तर, भाषांतर तुमचं, काय होतं? मी म्हटलं, कागदावर आहे ते आहे.

हे वाक्य मी उच्चारलं. पोरांना खरं बोलायला शिकवणारा मी.

शेठ आवाज न चढवता म्हणाला, नंदुरबारहून अस्सल कागद मागवा, तोवर मी थांबतो. त्याची माणसं धर्मशाळेत उतरलीत. तलाठ्यानं आजच माणूस धाडला.

ता. ११ ऑगस्ट

अजून कागद नाही. नदी दुथडी, नाव बंद, पलीकडचा रस्ता चिखलात गेला. एरवी टपाल आलं नाही की मी तक्रार लिहितो.

भोईवाड्यात सगळ्यांना कळलंय असं वाटतं. उखानं शाळेचं गळकं कौल आपणहून बदलून दिलं. मी पैसे देऊ केले तर रागावला.

ता. १५ ऑगस्ट

जेवण जात नाही. हिनं आज ताट तसंच परत नेलं.

डोहाच्या कडेला पिलं दिसतात म्हणे, सुईएवढी. ठगूबाईनं ओंजळीत घेऊन दाखवली. माझी नजर अधू, मला फक्त पाणी हलताना दिसलं. म्हणाली, पौर्णिमेला आया निघतील, पिलं मागून जातील. अजून नऊ दिवस.

ता. २० ऑगस्ट

अस्सल कागद आला. साहेबाच्या सहीचा. पाच ऑगस्ट.

तलाठ्यानं तिसऱ्या प्रहरी चावडीत सगळ्यांना बोलावलं. शेठ, त्याची माणसं, भोईवाडा, अर्धं गाव. दोन्ही कागद शेजारी ठेवले. तलाठी म्हणाला, हा दोन मागाहून कुणी काढला? सगळे जमिनीकडे बघायला लागले. मी उठणार होतो. हे मी रोजनिशीत खोटं लिहिणार नाही: उठणार होतो, धोतराचा सोगा हातात धरलाही होता, आणि तेवढ्यात मागून ठगूबाई म्हणाली, "तो दोन मी काढा."

तलाठी म्हणाला, बाई, तुला लिहिता येतं?

"लिखता नही येस. गळ काढता येस. गळसारखाच शे ना तो?"

लोक हसले, शेठसुद्धा. तलाठी हसला नाही. कोळसा दिला, म्हणाला काढून दाखव. तिनं चावडीच्या भिंतीवर काढला. वरून गोल, खाली आकडा. मासा धरायचा गळच, पण दोन म्हणूनही वाचता येईल. तलाठी भिंतीकडे, मग कागदाकडे, मग माझ्याकडे पाहत राहिला. शेपटाचा वळसा त्याला दिसला असणार. त्यानं पंचनामा लिहिला: सोमवारी, २७ ला, बाईनं प्रांतसाहेबांपुढे हजर राहावं, तिथे पुन्हा काढून दाखवावं. निकाल लागेपर्यंत डोहाला कुणीही हात लावायचा नाही, ठेकेदारानंही नाही. शेठ म्हणाला, ही बाई लिहूच शकत नाही. तलाठी म्हणाला, तेच साहेब बघतील.

आणि मी बसून होतो. सोगा हातात धरून.

घरी आल्यावर हिनं एवढंच विचारलं, "तुम्ही बसून होतात?"

अंथरूण आज स्वयंपाकघरात घातलंय.

ता. २२ ऑगस्ट

ठगूबाईकडे गेलो. म्हटलं, हे चालायचं नाही, मी सोमवारी साहेबाला खरं सांगणार. ती जाळं शिवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "माले काय करतीन? मन्ही नोकरी शे का?"

म्हटलं, तुरुंगात टाकतील.

म्हणाली, तिथे दोन वेळा जेवायला देतात असं ऐकलंय. मग सुई थांबवून म्हणाली की मास्तर गेला तर दुसरा येईल, त्याला डोहाचं तोंड उपसायला कोण नेणार, आणि पुढच्या सालाचा अर्ज कोण लिहिणार. अधिक महिना मोजून. हे शेवटचं मुद्दाम म्हणाली.

तिनं पुन्हा सुई चालवली. परत आलो.

ता. २४ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा

गेल्या.

सकाळी पाणी उतरतं होतं. डोहाच्या तोंडातून, आम्ही मोकळ्या केलेल्या वाटेतून, एकेक करून बाहेर. बारीक झालेल्या, पोट आत गेलेलं, बाळंतपण झालेल्या बाईसारख्या थकलेल्या. एकीच्या शेपटाला हिरवी चिंधी होती असं उखा शपथेवर सांगतो. मी पाहिली नाही, पण मानतो. भोयांनी नारळ सोडले. उखाला त्याचं जाळं तलाठ्यानं सकाळीच परत दिलं, सही न घेता.

शेठची माणसं धर्मशाळेतच आहेत. शेठ काठावर येऊन उभा होता, छत्री मिटून.

चार वाजता ठगूबाई घरी आली. ओसरीवर बसली. हिनं तिला गूळ-खोबरं दिलं. पदरात गुंडाळलेली पाटी तिनं माझ्यापुढे ठेवली, कुठून आणली कोण जाणे.

"सायेब म्हनी, काढी दाखाड. नीट नही निंघना तं तुमनं नाव येई. माले शिकाडा."

मी म्हटलं, नाही. तीनदा म्हटलं. ही दारात उभी होती. ठगूबाई पाटी तशीच पुढे धरून बसून राहिली. तिचा हात दुखायला लागला असेल, कारण पाटी हलायला लागली. मग मी खडू घेतला.

पहिला गळच आला. दुसराही. तिचा हात धरून गिरवला तर तिची बोटं कडक, जाळं ओढून वाकडी झालेली. मी म्हटलं, वरचा गोल लहान, मग खाली तिरपी रेघ, मग थांबायचं. ती थांबली नाही. खाली उतरल्यावर तिनं शेपटाला वळसा दिला. मी शिकवला नव्हता. चावडीतला रोज बघून बघून पाठ झालाय म्हणाली.

सातवा दोन हुबेहूब माझा आला.

सोमवारी पहाटे उखा गाडी जुंपणार आहे. मला विचारलं, येणार का. हो म्हटलंय. जाऊन साहेबापुढे काय बोलणार ते त्यानं विचारलं नाही. पाटी इथे माझ्यासमोर आहे. ही मघाशी पुसायला आली होती, मी पुसू दिली नाही.